वहीत चिकटवलेला पतंग : ग्रेस हॉपर बाईंची गोष्ट



मागच्या पावसाळ्यात तामलवाडीत एका रात्री विजांनी नुसता धुमाकूळ घातला. सकाळी शाळेत आलो तर संगणक कक्षातला सर्व्हर एकाही संगणकाला दिसेना. सर्व्हर म्हणजे काही फार मोठं यंत्र नव्हे. लिनक्स टाकलेला एक जुना संगणक, त्यात मुलांच्या फाइली आणि भिंतीवरच्या स्विचमधून दहा संगणकांना गेलेल्या केबली, एवढाच पसारा. मी काय केलं? सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. मग परत तेच केलं. त्यानंतर केबली उपसून इकडच्या तिकडे लावल्या, दोन-चार सेटिंग बदलून पाहिल्या. दुपारपर्यंत एका बिघाडाचे तीन बिघाड झाले! शेवटी आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, की सर, सकाळपासून काय काय बदललं ते कुठं लिहून ठेवलंय का. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या क्षणी मला ग्रेस हॉपर आठवल्या. ९ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस. या दिवसाच्या आसपास अनेक ठिकाणी संगणकशास्त्र शिक्षण सप्ताह साजरा होतो. म्हणून या वेळचा पाठ त्यांच्यावर. अमेरिकेच्या नौदलातल्या अधिकारी म्हणून त्या प्रसिद्ध आहेत, पण मुळात त्या आपल्यासारख्याच शिक्षिका होत्या. म्हणून मी त्यांना हॉपर बाईच म्हणणार.

बालपण : सात घड्याळं

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत त्या थोरल्या. वडील विमा व्यवसायात होते. आईला गणिताची आवड होती. सात वर्षांच्या असताना ग्रेसला प्रश्न पडला, की गजराचं घड्याळ आतून चालतं कसं? तिनं एक घड्याळ उघडलं. सुटे भाग परत बसवता येईनात, म्हणून बघायला दुसरं उघडलं. मग तिसरं. घरातली सात घड्याळं अशी खोलून झाली, तेव्हा आईच्या लक्षात आलं.

आपल्या घरात असं झालं असतं तर काय झालं असतं, हे पालकांनी मनाशी आठवून बघावं. त्या आईनं एवढंच ठरवून दिलं, की यापुढं एकाच घड्याळावर प्रयोग करायचा. मुलीची जिज्ञासाही राहिली आणि घरातली घड्याळंही वाचली.

शिक्षण आणि शिक्षकी पेशा

सगळं सुरळीत झालं असं नाही. वासार कॉलेजात प्रवेश घ्यायला गेल्या तेव्हा लॅटिन विषयात गुण कमी पडले आणि प्रवेश नाकारला गेला. त्यांनी एक वर्ष अभ्यास करून पुन्हा प्रयत्न केला. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठाची एम.ए. आणि १९३४ मध्ये तिथूनच गणितातली पीएच.डी. मिळवली. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि त्या हॉपर झाल्या.

१९३१ पासून त्या वासारमध्येच गणित शिकवू लागल्या. गणिताच्या वर्गात त्या मुलींना निबंध लिहायला लावत आणि त्यातली भाषाही तपासत. मुली कुरकुर करायच्या, की हा गणिताचा तास आहे, भाषेचा नाही. पण बाईंचं मत ठाम होतं. जे कळलं ते दुसऱ्याला समजेल असं लिहिता येत नसेल, तर त्या गणिताचा उपयोग काय? ही सवय लक्षात ठेवा. पुढं सगळं आयुष्य त्यांनी यंत्र आणि माणूस यांच्यामधली भाषाच सुधारली.

नौदल आणि एक्कावन्न फुटी यंत्र

दुसरं महायुद्ध सुरू झालं. बाईंना नौदलात जायचं होतं. वय जास्त आणि वजन कमी, या कारणांनी आधी नकार मिळाला. त्यांनी खास सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या. १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली पाठवलं गेलं.

तिथं मार्क वन नावाचा संगणक होता. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. आत साडेसात लाखांहून अधिक भाग आणि सुमारे ८०० किलोमीटर तार. म्हणजे तामलवाडीहून मुंबईला जाऊन जवळजवळ परत येईल एवढी तार! एवढं करून हे यंत्र एका सेकंदात तीन बेरजा करायचं आणि एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद लावायचं. सूचना द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून.

युद्धाचं काम असल्यानं यंत्र चोवीस तास चालायचं. तोफांच्या माऱ्याचे तक्ते असोत की पाणसुरुंगांची गणितं, सगळी त्यावर व्हायची. १९४४ च्या ऑगस्टमध्ये जॉन फॉन नॉयमन तिथं एक गणित घेऊन आले. ते अणुबॉम्बच्या कामाचं होतं. यंत्राला आकडे तेवढे कळतात, ते कशासाठी आहेत ते कळत नाही. वरच्या वर्गांना शिकवताना हा भाग गाळू नये.

यंत्र बंद पडलं की बिघाड शोधायचा कसा, हे तेव्हा कुठल्याही पुस्तकात नव्हतं. दोष कशातही असू शकायचा. पट्टीवर भोक चुकलेलं असेल, एखादी कळ चुकीच्या आकड्यावर असेल, नाहीतर हजारो रिलेंपैकी एकाचा स्पर्श नीट होत नसेल. रिले म्हणजे विजेच्या प्रवाहानं उघड-मीट करणारा छोटा लोखंडी खटका. बाई पर्समधला छोटा आरसा रिलेंच्या मागं धरून ठिणगी कुठं उडतेय ते बघत, अशी आठवण सांगितली जाते. पण त्यांचं खरं हत्यार होतं वही. प्रत्येक पाळीत यंत्रानं काय केलं, कुठं थांबलं, कोणी काय बदललं, हे वेळेसह लिहिलं जायचं. पुढं एकन यांच्या सांगण्यावरून बाईंनी मार्क वनची माहितीपुस्तिका लिहिली. ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पाचशेहून अधिक पानांची होती. गणिताच्या तासाला निबंध लिहून घेणाऱ्या बाईंना हे काम अवघड कसं जाईल?

पतंगाची गोष्ट, खरी किती?

आता सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डमध्ये मार्क टू या पुढच्या यंत्राची चाचणी चालू होती. यंत्र चुकायला लागलं. शोधता शोधता एफ पॅनेलवरच्या ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. दिव्यावर येतो तो किडा, आपली पाकोळी. चालकांनी तो काढला, नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि खाली लिहिलं, की खरोखरचा बग सापडल्याची ही पहिलीच घटना. ती वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, पतंगासकट.

वर्गात ही गोष्ट सांगताना दोन चुका आपण नेहमी करतो. पहिली, पतंग हॉपर बाईंनी काढला असं सांगतो. तो त्यांच्या गटातल्या चालकांनी काढला. बाईंनी ही गोष्ट जन्मभर रंगवून सांगितली, म्हणून ती त्यांच्या नावावर चिकटली. दुसरी चूक, बग हा शब्द तेव्हाच जन्माला आला असं म्हणतो. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासून होती. म्हणून तर त्या चालकांना गंमत वाटली. नेहमी नुसता नावाचा असणारा किडा या वेळी खरंच किडा निघाला!

या गोष्टीत खरं महत्त्व पतंगाला नाहीच. तो फेकून न देता पॅनेल, रिले क्रमांक आणि वेळ लिहून ठेवली, हे महत्त्वाचं. उद्या तोच रिले पुन्हा अडला तर बघणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

पडता काळ आणि कंपायलर

युद्ध संपलं. १९४५ मध्ये बाईंचा घटस्फोट झाला. हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. या काळात त्या खचल्या, दारूच्या आहारीही गेल्या. हे लपवायचं कारण नाही. मोठी माणसंही पडतात आणि सावरतात, हे मुलांना कळायला हवं. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथं युनिव्हॅक हा संगणक तयार होत होता.

तिथं त्यांच्या लक्षात आलं, की पुष्कळ बिघाड यंत्राचे नसतातच. आधी लिहिलेले सूचनांचे तुकडे लोक वहीतून हातानं उतरवून घेत आणि उतरवताना चुकत. आकडा इकडचा तिकडे व्हायचा, पत्त्याची बेरीज चुकायची. बाईंनी सरळ विचार केला. उतरवून घ्यायचं काम माणसाला जमत नाही आणि यंत्राला छान जमतं, तर ते यंत्रालाच द्यावं. त्यातून १९५२ च्या सुमारास ए-झीरो तयार झाला. तो पहिल्या कंपायलरांपैकी एक मानला जातो. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसा लिहील, असं म्हणून लोकांनी तेव्हा विश्वास ठेवला नाही.

पुढं त्यांच्या गटानं इंग्रजी शब्दांत सूचना देता येणारी फ्लो-मॅटिक ही भाषा केली. १९५९ मध्ये एका समितीनं कोबोल भाषेचं काम सुरू केलं तेव्हा फ्लो-मॅटिकचा मोठा आधार घेतला गेला. कोबोल एकट्या हॉपर बाईंनी केली असं छापलेलं दिसतं, ते बरोबर नाही. पण तिच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा होता.

तीस सेंटिमीटरची तार

१९६६ च्या अखेरीला नौदलानं त्यांना वयामुळं निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर एकच कोबोल प्रोग्राम सारखा चालेना, तो घोळ निस्तरायचा होता. ते सहा महिने लांबत लांबत जवळजवळ एकोणीस वर्षांचे झाले!

या काळातली त्यांची तार फार प्रसिद्ध झाली. उपग्रहामार्फत संदेश जायला इतका वेळ का लागतो, असं वरिष्ठ अधिकारी विचारायचे. बाई खिशातून सुमारे तीस सेंटिमीटर तारेचा तुकडा काढून हातात द्यायच्या. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, प्रकाश तेवढंच अंतर जातो. मायक्रोसेकंदासाठी त्या सुमारे तीनशे मीटर तारेचं वेटोळंच दाखवायच्या. वर जायचं आणि खाली यायचं, तर असे नॅनोसेकंद मोजावेच लागणार.

हेच गणित आज नेटवर्कला लागू आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर असतो. संदेश वर जाऊन खाली आला की ७२,००० किलोमीटर झाले, म्हणजे सुमारे पाव सेकंद गेला. तो वेळ कुठल्याही दुरुस्तीनं कमी होत नाही. काचेच्या फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणून पिंगचा आकडा बघताना आधी अंतराचा हिशेब करावा आणि मगच बिघाड म्हणावं.

एका प्रचंड संगणकाऐवजी अनेक लहान संगणक जोडावेत, असंही त्या सांगायच्या. त्यासाठी त्या बैलांचं उदाहरण द्यायच्या. ओंडका एका बैलाला ओढेना, तर माणसं आणखी मोठा बैल शोधत बसली नाहीत, दुसरा बैल जोडीला लावला. आपल्या भागातल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही.

१९८५ मध्ये त्या रिअर ॲडमिरल झाल्या. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, नौदलातून निवृत्त झाल्या. नंतर त्या डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या सल्लागार झाल्या. युनिक्स ज्या पीडीपी यंत्रांवर जन्मली आणि वाढली, ती याच कंपनीची. १ जानेवारी १९९२ रोजी बाई गेल्या. त्यांच्या नावाची एक युद्धनौका आजही आहे.

आमच्या सर्व्हरचं काय झालं?

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही फळ्यावर चार रकाने आखले : वेळ, काय दिसलं, काय बदललं, पुढं काय झालं. एका वेळी एकच बदल, असा नियम केला. आधी खालून वर जायचं ठरलं. वीज आहे का, केबल घट्ट आहे का, स्विचवरचा दिवा लागतो का? सर्व्हरच्या केबलचा दिवा बंद होता. तीच केबल शेजारच्या खाचेत लावली आणि दिवा लागला. म्हणजे विजेनं स्विचची एक खाच गेली होती. पण बाकीचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. बघतो तर एका केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये! ती मीच घाईत लावली होती. त्यामुळं संदेश गोल गोल फिरत होते. ती काढली. तरी सर्व्हर मध्येच दिसे, मध्येच गायब. सर्व्हरनं स्वतःला पिंग केलं, उत्तर आलं. मग एकेक संगणक बंद करत गेलो. सातव्या संगणकाला मी सकाळी सर्व्हरचाच आयपी पत्ता देऊन ठेवला होता. एका घराच्या पत्त्यावर दोन कुटुंबं, मग पोस्टमननं काय करावं?

तीन बिघाडांपैकी एक विजेचा, दोन माझे. हे वहीत मुलांसमोर मीच लिहिलं. लिहिताना हात जरा अडखळला, खरं सांगतो. पण त्यानंतर मुलं स्वतःच्या चुकाही त्या वहीत न लाजता लिहायला लागली.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. प्रत्येक मुलाला तीस सेंटिमीटर सुतळी किंवा तार द्या. हा एक नॅनोसेकंद. वर्गाची लांबी किती नॅनोसेकंद होते ते मोजू द्या.

२. संगणक कक्षात बिघाडाची वही ठेवा आणि वरचे चार रकाने आखा.

३. पालकांनी घरातलं एखादं बंद पडलेलं घड्याळ, सेल काढून, मुलांना खोलायला द्यावं. विजेवर चालणारं काही नको. आणि घड्याळ एकच द्यावं, सात नकोत!

तुमच्या वर्गातले अनुभव जरूर कळवा.