शिरोड्याची शिदोरी

लेखकाचे जीवन आणि त्याची कादंबरी यांचे नाते बिंब-प्रतिबिंबाइतके सरळ क्वचितच असते. घडलेले प्रसंग मागे पडतात. त्यांनी मनात रुतवलेला प्रश्न मात्र पात्रांची रूपे घेऊन पुन्हापुन्हा समोर उभा राहतो. विष्णु सखाराम खांडेकर हे नावच मुळी अशा एका प्रसंगाची खूण आहे.

११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीस जन्मलेल्या या मुलाचे नाव होते गणेश आत्माराम. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. १९१३ साली मॅट्रिक होऊन तो पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाला. परंतु १९१६ मध्ये चुलत्यांकडे दत्तक गेल्यावर नाव बदलले आणि महाविद्यालयीन शिक्षणही अपुरेच राहिले. पदवीचे स्वप्न पुण्यात ठेवून या तरुणाला सावंतवाडीच्या मुलखात यावे लागले.

१९२० साली खांडेकर शिरोड्याच्या इंग्रजी शाळेत शिक्षक झाले. गोव्याच्या एका अंगाला उळवी-जोयड्याचे रान, तर दुसऱ्या अंगाला समुद्रकाठचे हे शिरोडे. आडवळणाच्या गावात शाळा चालविणे म्हणजे काय, हे उळवीच्या परिसरातील वाचकाला वेगळे सांगावयास नको. तुटपुंजे वेतन, नाजूक प्रकृती आणि गरीब घरांतून येणारी मुले, अशा स्थितीत त्यांनी तेथे अठरा वर्षे काढली. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला. त्याच वर्षी त्यांची ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे १९३४ मध्ये ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ आल्या. श्रीमंती व दारिद्र्य यांतील जे अंतर खांडेकरांच्या कादंबऱ्यांत जाणवते, ते त्यांनी ग्रंथांत वाचण्यापूर्वी वर्गातल्या बाकांवर पाहिले होते.

ध्येय आणि संसार यांची ओढाताण त्यांच्याही वाट्याला आली. १९३६ साली त्यांच्या कथेवरील ‘छाया’ हा मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट पडद्यावर आला आणि १९३८ मध्ये शिरोडे सोडून ते कोल्हापूरला गेले. वर्ग सुटला, पण शिक्षक सुटला नाही. चित्रपटसृष्टीच्या झगमगाटात वावरलेल्या या लेखकाने १९५४ साली ‘अश्रू’ लिहिली, तिचा नायक आहे एक सामान्य, पापभीरू शाळामास्तर. सोडून आलेल्या त्या शाळेचे ऋण या पुस्तकाच्या पानांत कुठेतरी फिटले असावे.

१९५९ मध्ये ‘ययाति’ आली. वरकरणी ही महाभारतातील कथा. शिरोड्याच्या मातीशी तिचे नाते ते काय? तथापि, मूळ प्रश्न तोच आहे. स्वतःच्या सुखासाठी माणसाने दुसऱ्याचे किती घ्यावे? ययाति पुत्राचे तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो. भोगाच्या या कहाणीत खांडेकरांनी संयमी कचाला मोठे स्थान दिले. उण्यापुऱ्या साधनांत दोन दशके काढलेल्या माणसालाच तृप्तीचे मोल आणि तृष्णेची भीती इतकी नेमकी कळते. या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमीचा, तर खांडेकरांना १९७४ साली ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. मराठीचे ते पहिलेच ज्ञानपीठ. तोपर्यंत त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पात्रांची भाषा अलंकारांनी जडावलेली आहे, त्यांचा ध्येयवाद भाबडा आहे, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला, आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु तो ध्येयवाद उसना नव्हता. अठरा वर्षे खडू हाती धरून त्याची किंमत त्यांनी आधीच मोजली होती. ग्रंथालयाच्या कपाटातून त्यांची जीर्ण प्रत हाती घेणाऱ्या वाचकाला आजही जी ऊब जाणवते, ती या शिदोरीची आहे.