विलिंग्डन : नावामागचा माणूस

मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचा पदवीधर. बँकेतून निवृत्त झाल्यावर वाचनाला वेळ मिळाला, तेव्हा कॉलेजच्या नावामागचा हा माणूस कोण ते शोधले. त्याची हकीकत थोडक्यात सांगतो.

मूळ नाव फ्रीमन थॉमस. जन्म १८६६ चा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. घराणे बडे, आईचे वडील हाऊस ऑफ कॉमन्सचे स्पीकर. शिक्षण ईटन आणि केंब्रिजला, तिथे क्रिकेट संघात स्थान. मग खासदारकी, १९१० साली लॉर्ड विलिंग्डन हा किताब आणि १९११ पासून बादशहा पंचम जॉर्ज यांच्या दरबारात मानकरी. बादशहा त्यांच्याबरोबर टेनिस खेळत म्हणे! दरबारातून १९१३ मध्ये ते थेट मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि थोरला मुलगा रणांगणावर पडला. हे दुःख पोटात ठेवून साहेबांनी मुंबईचा कारभार १९१८ पर्यंत सांभाळला. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव असे. यांनी मुंबईत विलिंग्डन क्लब काढला, तो दोघांनाही खुला. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

पण जून १९१८ मध्ये टाऊन हॉलात युद्धपरिषद भरली. अध्यक्षस्थानी विलिंग्डन. लोकमान्य टिळक बोलायला उठले. युद्धाला मदतीबरोबर त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच साहेबांनी त्यांना थांबवले, राजकारण नको म्हणून. टिळक सभा सोडून निघून गेले. गंमत बघा, पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीच्या कॉलेजला या गव्हर्नरांचे नाव दिले. आणि या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक कोण, तर टिळकच! अर्थात ते फार पूर्वीच तिच्यातून बाहेर पडले होते.

पुढे मद्रासची गव्हर्नरी, कॅनडाचे गव्हर्नर जनरलपद आणि १९३१ साली ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. गोलमेज परिषदेहून परतलेल्या गांधीजींनी भेट मागितली, ती नाकारली आणि जानेवारी १९३२ मध्ये त्यांना येरवड्याच्या तुरुंगात टाकले. १९३६ मध्ये साहेब मार्क्विस झाले, १९४१ मध्ये वारले. १९७९ साली धाकटा मुलगाही निपुत्रिक गेला आणि किताब संपला.

आयुष्यभर खाती तपासण्यात गेलेला मी माणूस. माझ्या मते क्लबची रक्कम जमेला धरावीच, पण तिने टाऊन हॉलची उचल फिटत नाही. साहेबांनी आपल्या लोकांना खेळायला शेजारी घेतले, पण बोलू दिले नाही. आपल्या वार्षिक सभेतही एखादा सभासद अडचणीचे बोलतो. चहा-सामोसे सगळ्यांना मिळतातच. त्याचे म्हणणेही शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढेच या निमित्ताने सांगतो.

सोसायटीला पुढील पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा.