जनावरांच्या डॉक्टरने भरलेली हवा

तुमच्या सायकलचा टायर अंगठ्याने दाबून बघा. आत जी हवा आहे ना, ती सायकलस्वारांपर्यंत पोचवली एका जनावरांच्या डॉक्टरने! जॉन बॉइड डनलॉप त्याचं नाव.

जन्म ५ फेब्रुवारी १८४०, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावचा. घर शेतकऱ्याचं. पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन १८६७ मध्ये हा पठ्ठ्या आयर्लंडला गेला आणि बेलफास्टमध्ये त्याचा चांगला जम बसला. सायकलशी तसा काही संबंध नाही. पण पोरगा जॉनी तिनचाकी चालवायचा. तेव्हाचे टायर भरीव रबराचे आणि शहरातले रस्ते दगडी. प्रत्येक दगडाचा दणका थेट पाठीत बसायचा.

१८८७-८८ च्या हिवाळ्यात डनलॉपने घरीच खटपट सुरू केली. लाकडाची गोल चकती घेतली, तिच्याभोवती पातळ रबराची नळी लावली, वरून कापड ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात दोन चाकं ढकलली, एक जॉनीच्या तिनचाकीचं आणि एक हे नवं. जुनं मध्येच आडवं झालं. नवं मात्र पार दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. म्हणजे हवेमुळे दणके तर कमी झालेच, शिवाय चाक कमी जोरात लांब गेलं.

१८८८ मध्ये पेटंट मिळालं. लोक या जाड टायरना हसायचे. पण १८ मे १८८९ ला विली ह्यूम नावाच्या स्वाराने बेलफास्टच्या शर्यतींत याच टायरवर सगळ्यांना मागे टाकलं आणि हसणं थांबलं. हार्वे द्यु क्रो या उद्योजकाबरोबर डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली.

आणि मग झटका बसला. रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलेलं होतं! डनलॉपला ते माहीतच नव्हतं. १८९० मध्ये त्याचं पेटंट बाद ठरलं. कंपनी इतर पेटंटच्या जोरावर तगली, पण काही वर्षांत डनलॉप तिच्यातून बाहेर पडला. १८९६ मध्ये ती ३० लाख पौंडांना विकली गेली. नाव त्याचं जगभर झालं, ही कमाई मात्र दुसऱ्यांची. १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये, ८१ व्या वर्षी, तो डब्लिनमध्ये वारला.

आता तुमचा विषय. शिकायला आयर्लंड, जर्मनी किंवा फिनलंडला निघाला असाल आणि तिथे हिवाळ्यात सायकलनेच कॉलेज गाठायचं असेल, तर डनलॉपच्या अंगणातला धडा उपयोगी पडतो. टायर दगडासारखा टणक केला की वेग वाढतो, हा गैरसमज सोडा. खडबडीत रस्त्यावर टणक टायर उडतो आणि ओल्यात पकड सुटते. त्यामुळे फ्रेममध्ये आणि मडगार्डखाली मावेल तेवढा रुंद टायर घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा. किती कमी? टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या आतच राहा. गारठ्यात दाब आपोआपही उतरतो, म्हणून आठवड्यातून एकदा तपासा.

नुसता ओला डांबरी रस्ता असेल तर खोल नक्षीची गरज नाही, मऊ रबर पुरतं. चिखल आणि ताजा बर्फ असेल तर गाठी असलेला टायर हवा. रस्त्यावर काचेसारखा गोठलेला बर्फ असेल, तर धातूचे खिळे बसवलेल्या टायरला पर्याय नाही. ते जड असतात, आवाज करतात, पण वळणावर आडवं पडून मनगट मोडण्यापेक्षा परवडले! दोन्ही घ्यायचे पैसे नसतील तर निदान पुढचा घ्या, कारण पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. आणि पंक्चररोधक पट्टीवर काटकसर नको. अंधारात, बधिर बोटांनी ट्यूब बदलायची वेळ आली तर डनलॉपसुद्धा मदतीला येणार नाही.

पुण्या-नाशिकच्या थंडीत खिळ्यांचं काम नाही. पण अंगठा दाबून बघायची सवय इथेच लावून घ्या.