चाळिशीत मोडलेला डाव आणि दादासाहेब फाळके

वयाची चाळिशी उलटलेली, पदरी पत्नी आणि मुले, गाठीशी शिल्लक नाही आणि ज्या छापखान्यासाठी रक्त आटवले त्यातूनच रिकाम्या हाताने बाहेर पडण्याची वेळ आलेली. १९११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांची स्थिती अशी होती. पुढे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून गौरवले गेलेले दादासाहेब त्या दिवसांत मुंबईतील एक बेकार मुद्रक होते.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळके यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात झाले. चित्रकला, छायाचित्रण, वास्तुरेखन, प्रतिमा घडवणे आणि ब्लॉक तयार करणे, यांपैकी जे शिकता आले ते सारे त्यांनी शिकून घेतले. जादूचे प्रयोगही ते करत. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. परंतु प्लेगच्या साथीत पहिली पत्नी दगावली आणि ते बिऱ्हाड मोडले. पुढे पुरातत्त्व खात्यात त्यांना नोकरी लागली. स्वदेशीच्या चळवळीचे वारे वाहू लागल्यावर त्यांनी ती सरकारी चाकरी सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय सुरू केला.

हा व्यवसाय पुढे मुंबईत आला, नावारूपाला आला. रंगीत छपाईचे तंत्र आणि यंत्रसामग्री यांसाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन आले. मात्र भांडवल भागीदाराचे होते आणि कसब फाळके यांचे. मतभेद विकोपाला गेले तेव्हा भांडवल जागेवर राहिले आणि कारागीर बाहेर पडला.

अशा वेळी बहुतेक जण जुन्याच धंद्यात दुसरी जागा शोधतात. फाळके यांच्यासारख्या नावाजलेल्या मुद्रकाला ते अवघडही नव्हते. मात्र ते छपाईकडे पुन्हा वळले नाहीत. याच सुमारास गिरगावातील तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. त्याच पडद्यावर राम आणि कृष्ण का दिसू नयेत, या प्रश्नाने त्यांना झपाटले. हाती असलेल्या प्रत्येक विद्येला या नव्या कलेत काम आहे, हेही त्यांनी ओळखले. छायाचित्रण, रसायने, नेपथ्य, जादूची हातचलाखी, यांतील काहीच वाया जाणार नव्हते.

पुढचे काही महिने कमाईचे नव्हते, अभ्यासाचे होते. मिळेल तो चित्रपट पाहणे, मिळेल ते पुस्तक वाचणे आणि रात्री जागून प्रयोग करणे असा क्रम सुरू झाला. डोळ्यांवर एवढा ताण पडला की काही काळ दृष्टीच अधू झाली. उपचारांनंतर ती परत आली. आप्तेष्टांना हा वेडेपणा वाटत होता. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तेथे जाणकारांच्या ओळखी काढून चित्रपटनिर्मिती प्रत्यक्ष पाहिली, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला आणि एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले.

आता प्रश्न भांडवलाचा होता. केवळ कल्पनेवर कोणी पैसे देणार नाही, हे छापखान्याच्या अनुभवाने त्यांना कळले होते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि अंकुराची वाढ दिवसागणिक थोडी थोडी चित्रित केली. महिनाभराची ती वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडताना दिसली आणि कर्ज मिळण्याचा मार्ग खुला झाला.

‘राजा हरिश्चंद्र’ची निर्मिती दादरला झाली. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कलाकार व कामगारांचा स्वयंपाक सांभाळला आणि कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे किचकट कामही केले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला उभे करण्यात आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात हा चित्रपट प्रदर्शित झाला. बेकारीपासून या दिवसापर्यंतचे अंतर अवघे दोन-अडीच वर्षांचे होते.

एवढ्यावर थांबले तर ही कथा फार सोपी होईल. ‘लंकादहन’च्या (१९१७) घवघवीत यशानंतर भांडवलदार पुढे आले आणि हिंदुस्तान फिल्म कंपनी स्थापन झाली. पण छापखान्यातील जुनेच दुखणे येथेही उपटले. पैसा भागीदारांचा, कसब फाळके यांचे. वादाला कंटाळून ते काशीला निघून गेले, ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही काळाने त्याच कंपनीत परतले. मात्र पूर्वीचे स्थान राहिले नव्हते. बोलपटांच्या युगात कोल्हापूरला केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला.

नोकरी गमावलेल्या माणसाला फाळके यांच्या चरित्रातून दोन गोष्टी मिळतात. पद आणि वेतन दुसऱ्याच्या हाती असते, विद्या मात्र आपली असते. ती नव्या ठिकाणी कशी कामी येईल, हे शांतपणे पाहणारा पुन्हा उभा राहतो. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. उभे राहिल्यानंतर आपल्या श्रमाच्या फळावर आपला हक्क किती, याचा करार सुरुवातीलाच पक्का करावा लागतो. पहिली गोष्ट फाळके यांना उत्तम साधली. दुसरी न साधल्याची किंमत त्यांनी अखेरपर्यंत मोजली.