मानेगावच्या उल्केचा अभ्यासक
खानदेशातील मानेगावी २९ जून १८४३ रोजी उल्का पडली. तिचा अंश लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन यांच्या हाती आला. १८२३ मध्ये जन्मलेले मॅस्केलिन कायद्याचे शिक्षण सोडून विज्ञानाकडे वळले आणि १८५७ पासून तेथील खनिज विभाग त्यांनी सांभाळला. उल्कांचे पातळ काप ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. मानेगावच्या उल्केतील खनिजांचे विश्लेषण त्यांनी १८७० मध्ये प्रसिद्ध केले. ती कोठून आली, हे मात्र त्यांना कळणे शक्य नव्हते. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि समस्थानिकांची कल्पना मांडली गेली ती १९१३ मध्ये. पुढे ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून उल्कांची कुळे ओळखता आली. मानेगावच्या उल्केचे डायोजेनाइट कुळ बहुधा वेस्टा या लघुग्रहाचे, सूर्यमालेच्या आरंभीच वितळून घडलेले. मॅस्केलिन यांचे अपुरे उत्तर असे शतकानंतर पूर्ण झाले.