भूर्जपत्रांना बोलतं करणारा जेम्स इव्हान्स

भूर्जपत्र म्हटलं की आपल्याला आठवतात ते ऋषिमुनी आणि काश्मीरच्या जुन्या पोथ्या. पण इथे कॅनडात आपल्या अंगणात उभं असलेलं बर्च म्हणजे त्याच भूर्जाचं भावंड, आणि त्याच्या सालीवर लिहिण्याची एक गोष्ट या देशातही घडली आहे. ती मला मंडळाच्या वाचकांना सांगाविशी वाटली, कारण तिचा एक धागा थेट आपल्या देवनागरीपर्यंत येतो.

जेम्स इव्हान्स हा १८०१ साली इंग्लंडमधल्या हल बंदरात जन्मलेला, एका जहाजाच्या कप्तानाचा मुलगा. किराणा दुकानात उमेदवारी करताना तो लघुलिपी शिकला. विशीत असताना घरच्यांपाठोपाठ कॅनडात आला (म्हणजे तोही आपल्यासारखा इमिग्रंटच!), शाळामास्तर झाला, मेथडिस्ट पंथात ओढला गेला आणि १८२८ पासून राइस लेकच्या मिशन शाळेत ओजिब्वे मुलांना शिकवू लागला. ओजिब्वे ही क्री भाषेची सख्खी बहीण. तिच्यासाठी त्याने १८३६ च्या सुमारास एक अक्षरलिपी जुळवून पाहिली, पण वरिष्ठांनी ती मान्य केली नाही. मग रोमन अक्षरांतलं त्याचं पुस्तक १८३७ साली न्यूयॉर्कमध्ये छापलं गेलं.

१८४० च्या उन्हाळ्यात तो विनिपेग सरोवराच्या उत्तर टोकाजवळच्या नॉर्वे हाउसला पोचला. हडसन्स बे कंपनीचं हे मोठं ठाणं. आजही विनिपेगहून रस्त्याने सुमारे ८०० किलोमीटर. इथले लोक स्वॅम्पी क्री, म्हणजे दलदलीच्या मुलखातले क्री. दलदलीला त्यांच्या भाषेत ‘मस्केक’ म्हणतात, त्यावरूनच इंग्रजीत ‘मस्केग’ आला.

बोलींचा प्रकार मोठा गमतीचा आहे. ‘मी’ या अर्थी मैदानी प्रदेशातला क्री ‘नीया’ म्हणतो, दलदलीतला ‘नीना’, जंगलातला ‘नीथा’, मूस नदीकाठचा ‘नीला’ आणि क्वेबेकमधले आटिकामेक ‘नीर’. शब्द तोच, एकच व्यंजन बदलत जातं, आणि त्यावरून माणूस कुठला ते ओळखता येतं. आपल्याकडे नाही का, जळगावकडे गेलं की डोळ्याचा ‘डोया’ होतो!

इव्हान्स पोचल्यावर दोन-तीन महिन्यांतच त्याने आपली जुनी कल्पना क्रीसाठी नव्याने मांडली. नऊ आकार, प्रत्येकाच्या चार दिशा, झाली छत्तीस अक्षरं. त्रिकोण वर टोक करून ठेवला की ‘इ’, खाली केला की ‘ए’, उजवीकडे ‘ओ’, डावीकडे ‘आ’. व्यंजनांचंही तसंच. आकार व्यंजन सांगतो, दिशा स्वर सांगते. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या व्यंजनासाठी वर एक बारीक खूण. आपण काना-मात्रा-वेलांटी लावून बाराखडी करतो, त्याने अक्षरच फिरवलं. अभ्यासकांचं म्हणणं असं की दिशा फिरवण्याची युक्ती लघुलिपीतून आली आणि काही आकार देवनागरीचा उजवा दांडा काढून सोपे केल्यासारखे आहेत. त्या काळी भारतातल्या मिशनऱ्यांचं काम ब्रिटिश धर्ममंडळांत सगळ्यांना ठाऊक होतं. विल्यम केरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ सालीच छापलं गेलं होतं. तेव्हा ‘क-ख-ग’ची सावली हडसनच्या उपसागरापर्यंत पडली असेल, तर त्यात अशक्य काही नाही.

लिपी झाली, पण छापायचं कशावर? कंपनी छापखाना येऊ द्यायला राजी नव्हती. शिकलेले आदिवासी व्यापाराला अडचणीचे, असा साधा हिशेब असावा. इव्हान्सने चहाच्या पेट्यांच्या आतलं शिशाचं अस्तर वितळवून खिळे ओतले, काजळी आणि माशाचं तेल कालवून शाई केली, आणि फरचे गठ्ठे दाबायचं यंत्र मागून आणून त्यावर छपाई केली. नोव्हेंबर १८४० मध्ये पहिलं स्तोत्र छापून निघालं, पुढच्या वर्षी सोळा पानांचं पुस्तक. कागदाची चणचण, म्हणून भूर्जाची साल. शिकारीला गेलेली माणसं सालीवर कोळशाने निरोप लिहून ठेवू लागली. इव्हान्सचे विद्यार्थी न पाहिलेल्या वस्त्यांमध्येही लिपी पोचली, कारण क्री लोकच ती एकमेकांना शिकवत गेले. मला विचाराल तर खरी कमाल ही आहे. शाळा नाही, मास्तर नाही, तरी एक-दोन पिढ्यांत जवळजवळ सगळा समाज साक्षर.

शेवटची वर्षं मात्र वाईट गेली. रविवारी बोटी वल्हवायच्या नाहीत असं त्याने लोकांना सांगितलं, आणि उन्हाळा आधीच आखूड असलेल्या कंपनीचा गव्हर्नर जॉर्ज सिम्प्सन बिथरला. १८४४ मध्ये प्रवासात इव्हान्सच्या हातून बंदूक सुटली आणि थॉमस हॅसल हा त्याचा दुभाष्या आणि जवळचा सहकारी जागीच गेला. या आघातातून तो कधीच सावरला नाही. १८४६ मध्ये मिशनच्या घरात राहिलेल्या तरुण आदिवासी मुलींशी गैरवर्तन केल्याचा आरोप आला. चौकशी चालवली विल्यम मेसन या त्याच्याच सहकारी मिशनऱ्याने. मुख्य आरोप सिद्ध न झाल्याचा निर्णय झाला, वागणं अविचारी असल्याचा ठपका राहिला. त्याला लंडनला परत बोलावलं गेलं आणि २३ नोव्हेंबर १८४६ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लिंकनशायरमध्ये तो हृदयविकाराने वारला. जुनी भक्तिभावाने लिहिलेली चरित्रं हे प्रकरण गुंडाळून ठेवतात. मला ते पटत नाही. लिपी मोठी म्हणून त्या मुलींचं म्हणणं लहान होत नाही.

श्रेयाचंही तसंच. १८६१-६२ साली लंडनमध्ये क्री बायबल छापलं गेलं, त्यावर नाव मेसनचं. पण भाषांतराचं मोठं काम ओजिब्वे असलेला हेन्री बर्ड स्टाइनहावर, जॉन सिंक्लेअर आणि मेसनची पत्नी सोफिया यांनी केलं होतं. सोफियाची आई स्वतः क्री. आणि लिपीबद्दल क्री आजोबा-आजी वेगळीच हकिगत सांगतात: मिस्तानास्कोवेव नावाचा माणूस मरून परत आला, तो आत्म्यांच्या जगातून ही अक्षरं भूर्जाच्या सालीवर घेऊन आला. इतक्या झपाट्याने आपली झालेली लिपी कोणा परक्याने दिली, हे पटणं त्यांना कठीणच जात असणार.

पुढे हीच अक्षरं इन्युइट लोकांनी घेतली. नुनावुतच्या सरकारी पाट्यांवर ती आज दिसतात. क्री मुलांना मात्र निवासी शाळांत नेऊन आईची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा केली जायची, आणि हे विसाव्या शतकात खोलवर चाललं. २००८ साली पंतप्रधान हार्पर यांनी संसदेत त्याची माफी मागितली. तरीही २०२१ च्या जनगणनेत कॅनडाच्या मूळ भाषांमध्ये सर्वाधिक बोलणारे क्रीचेच होते. १९९९ पासून ही लिपी युनिकोडमध्ये आहे, देवनागरीसारखीच. नॉर्वे हाउसचा नातू आता आजीला फोनवरून त्याच फिरत्या त्रिकोणांत निरोप धाडू शकतो.