ज्यांच्या हाती थैली दिली

अडचणीतल्या एखाद्या परिचितावर तुम्ही विश्वास टाकला, त्याने त्याचा गैरफायदा घेतला आणि आपण उगाच उदार झालो असे वाटून तुम्ही रात्रभर तळमळलात, असे कधी घडले आहे काय? घडले असेल, तर डॉ. विल्यम कॅरी यांच्या चरित्रातील पुढील प्रकरण तुम्हांला परके वाटणार नाही.

इंग्लंडातील केटरिंग गावी ९ जानेवारी १७९३ रोजी बॅप्टिस्ट मिशनची बैठक भरली होती. चर्मकाराचा व्यवसाय करून पुढे पाळक झालेले कॅरी तेथे होते. बंगालहून परतलेले जहाजावरील डॉक्टर जॉन थॉमस त्या बैठकीत येऊन पोहोचले. बंगाली भाषा जाणणारे, शुभवर्तमानाचे भाषांतर आरंभलेले, रुग्णांविषयी कळवळा असलेले हे गृहस्थ होते. परंतु पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, आणि सावकार त्यांच्या पाठीशी लागलेले होते. कॅरींनी त्यांना मिठी मारली आणि त्यांच्यासह हिंदुस्थानास जाण्याचे ठरवले.

या मैत्रीची किंमत लवकरच कळून आली. परवान्याचा अभाव आणि थॉमस यांची देणी यांमुळे पहिल्या जहाजावरून दोघांनाही उतरावे लागले. तरीही थॉमस यांना स्वार्थी म्हणता येणार नाही. कॅरींच्या संपूर्ण कुटुंबाचे भाडे भागावे म्हणून त्यांनी नोकराच्या दर्जाने प्रवास करण्याचे मान्य केले. १३ जून १७९३ रोजी डॅनिश जहाजाने ही मंडळी निघाली आणि ११ नोव्हेंबरला कलकत्त्यास पोहोचली.

निर्वाहासाठी सोबत सुमारे १५० पौंडांचा माल होता. त्याच्या विक्रीचा व्यवहार थॉमस यांच्याकडे सोपवलेला होता. थोड्याच आठवड्यांत ती पुंजी संपली. थॉमस कलकत्त्यात वैद्यकी करीत सुखाने राहू लागले. इकडे आजारी पत्नी डॉरथीबाई, मेहुणी कॅथरिन आणि चार मुले यांना घेऊन कॅरी माणिकतला येथे दुसऱ्याच्या आश्रयाला राहिले. जानेवारी १७९४ मध्ये पैसे मागण्यासाठी ते थॉमस यांच्याकडे गेले आणि रिकाम्या हाती परतले. डॉक्टर शहरात सुखात, आणि आमच्या ताटात पावसुद्धा नाही, अशी घरच्यांची तक्रार होती. तिला उत्तर तरी काय देणार?

वाचकहो, आपल्या औदार्याची शिक्षा आपल्याच लेकरांना भोगावी लागते, तेव्हाचा पश्चात्ताप फार बोचरा असतो. कॅरींनी तो आपल्या रोजनिशीत लपवला नाही. परंतु थॉमस यांना त्यांनी लबाडही ठरवले नाही. माणूस सज्जन, पण रोजचे अन्न आणि रोजचे काम दुसऱ्याने नेमून द्यावे अशा जहाजावरच्या जीवनालाच योग्य, असा त्यांचा निष्कर्ष होता. रागाच्या भरातही स्नेह्याचा दोष आणि त्याचा हेतू वेगवेगळे तोलणे हे लहानसहान काम नव्हे.

पुढे थॉमस यांच्याच ओळखीने मालद्याच्या जॉर्ज उडनी यांनी दोघांनाही निळीच्या कारखान्यांत कामे दिली. १७९४ मध्ये कॅरी मदनावती येथे गेले. तेथे त्यांचा पाच वर्षांचा पीटर वारला आणि डॉरथीबाईंचे मन कायमचे ढासळले. झालेली सर्वच हानी भरून निघते, असे म्हणण्याचे धाडस येथे कोणी करू नये.

या अनुभवाने कॅरींनी मूठ आवळली नाही. मात्र थैलीला गाठ मारली. जानेवारी १८०० मध्ये सेरामपूर येथे मार्शमन, वॉर्ड आदी सहकाऱ्यांसह त्यांनी एकत्र संसार थाटला, तेव्हा सर्वांची मिळकत सामाईक निधीत जमा व्हावी, खाजगी व्यापार कोणी करू नये आणि आपसांतील मतभेद शनिवारी सायंकाळी मिटवावेत, असे नियम झाले. खजिनदार स्वतः कॅरी होते. पुढे फोर्ट विल्यम महाविद्यालयात दरमहा १००० रुपये मिळू लागल्यावरही कुटुंबासाठी ४० आणि नीटनेटक्या पोशाखासाठी २० रुपये ठेवून बाकी ते निधीत घालीत. याच सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला.

आणि थॉमस? १८०० च्या शरद ऋतूत ते सेरामपुरास आले, आणि दार उघडेच होते. २५ नोव्हेंबरला कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. थॉमस यांनी तो बसवला आणि त्याला ख्रिस्ताविषयी सांगितले. २८ डिसेंबरला हुगळी नदीत कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला. कॅरींच्या सात वर्षांच्या श्रमांनंतरचे हे पहिले बंगाली फळ. त्या हर्षाने थॉमस यांचे मन भ्रमिष्ट झाले. काही आठवड्यांनी ते सावरले. परंतु १३ ऑक्टोबर १८०१ रोजी दिनाजपूर येथे त्यांचे निधन झाले.

वाचकहो, ज्याने तुम्हांला फसवले तो प्रत्येक जण उद्या कृष्ण पाल घेऊन येईल, असे नाही. पण आपली चूक नेमकी कोणती, हे कॅरींच्या चरित्रावरून समजते. त्यांनी थॉमस यांच्यावर प्रीती केली, ही चूक नव्हती. मुलांच्या तोंडचा घास हिशेबाविना त्यांच्या हाती दिला, ही चूक होती. पुढच्या वेळी कोणी अडलेला दारी येईल, तेव्हा हिशेब चोख ठेवा, पण दार लावून घेऊ नका.